'देव विश्वासू आहे': या विश्वासूला दुसरा शब्द आहे का?

रामबागेतली ताई
आमच्याकडे इंदूरला पुढच्या रविवारी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, प्रार्थना ठेवली आहे. घराचं कर्ज एकदाचं फिटलं, त्यानिमित्त. चर्चची मंडळी येतीलच, शिवाय बिल्डिंगमधले मराठी आणि हिंदी शेजारीही. आमंत्रणाचा मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, "देव विश्वासू आहे, याची आठवण ठेवून…" खालच्या मजल्यावरच्या आजींना वाचून दाखवलं, तर म्हणतात, "अगं, विश्वासू गडी असतो, विश्वासू ड्रायव्हर असतो. देव कुणाचा विश्वासू?" माझं माहेर नगरचं. तिथे प्रत्येक प्रार्थनेत हा शब्द ऐकत वाढले, कधी खटकला नाही. त्यात मुलगी संडे स्कूल हिंदीत शिकते, ती "देव विश्वासी आहे" म्हणते. हिंदीत विश्वासी म्हणजे विश्वास ठेवणारा. म्हणजे देवच कुणावर तरी विश्वास ठेवून बसला! जाणकारांनी सांगावं, इथे नेमका शब्द कोणता?

जुना मास्तर
आजींचा कान पक्का आहे. रोजच्या मराठीत विश्वासू हा शब्द खालून वर जातो: नोकर मालकाशी, कारकून पेढीशी. बायबलमध्येही तो तसा येतो. रुपयांच्या दाखल्यात धनी म्हणतो, "शाब्बास, भल्या व विश्वासू दासा." देवाबद्दल बोलताना मात्र माझ्याकडच्या बायबल सोसायटीच्या जुन्या प्रतीत 'विश्वसनीय' आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१३) तर एकाच वाक्यात दोन्ही: आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वसनीय राहतो. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्दाचं मूळ एकच, 'पिस्तोस'. मराठीने मात्र माणसाला एक आणि देवाला एक असे दोन शब्द वाटून दिले.

पण विश्वसनीयची वर्तमानपत्रांनी पार रया घालवली. आता तो शब्द ऐकला की पुढे 'सूत्रांकडून' आपोआप येतं.

जुन्या करारात तिसराच शब्द दिसतो, सत्यता. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात करुणा रोज सकाळी नवी होते असं म्हटलं आहे, तिथे हिंदीवाले 'सच्चाई' म्हणतात. सत्यता चूक नाही, पण आज तो शब्द प्रमाणपत्र तपासताना जास्त लागतो.

बडोदेकर
सत्यता, सच्चाई ज्याचं भाषांतर आहे तो हिब्रू शब्द 'एमुना'. त्याचा मूळ अर्थ न ढळणं, टिकून राहणं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात इस्राएल लोकांची अमालेकाशी लढाई चालली आहे. त्यांचा पुढारी मोशे, त्याचे हात वर असले की इस्राएलची सरशी, खाली आले की अमालेकाची. हात भरून आले, तेव्हा त्याला धोंड्यावर बसवलं आणि अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी हात धरून ठेवले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. या 'स्थिर'साठी हिब्रूत शब्द आहे एमुना! दुखऱ्या, जड झालेल्या पण खाली न येणाऱ्या हातांचा शब्द. 'आमेन'सुद्धा त्याच धातूचा.

आणि गंमत म्हणजे आपलं 'इमान' अरबीतून फारसीमार्गे आलं, त्याचा धातूही हाच. रविवारी आमेन म्हणणारा आणि 'इमानाने नोकरी केली' म्हणणारा, दोघे शब्दांच्या नात्याने चुलतभाऊ. तरी 'देव इमानी आहे' लिहू नका. मराठीत इमानीच्या मागोमाग कुत्रा येतो.

छावणीकर
एवढं लांब कशाला जायचं? मराठीत 'जागणे' आहे ना! खाल्ल्या मिठाला जागतो तो नोकर. पण दिल्या शब्दाला जागतो तो कुणीही असू शकतो: बाप, मित्र, राजा. तिथे लहानमोठेपणाचा प्रश्नच नाही. शिवाय बायबलमधलं स्तोत्र १२१ आठवा. इस्राएलचा राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही. म्हणजे तो दोन्ही अर्थांनी जागतो. ही सोय मला हिंदीत सापडली नाही. तिथे 'वचन निभाना' आहे, चांगलं आहे, पण त्यात झोपमोड नाही.

रामबागेतली ताई
"शब्दाला जागणारा देव" आजींना सांगितलं, लगेच पटलं. सासूबाईंना नाही पटलं! त्या म्हणतात, कीर्तनात शोभेल, प्रार्थनेत नको.

जालन्याची सून
मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने. शब्द कोशात कसा आहे ते एक, आणि घरात कसा वापरला गेला ते दुसरं. माझ्या आईच्या बायबलच्या पुढच्या कोऱ्या पानांवर शाईच्या पेनने नोंदी आहेत. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या तारखा सगळ्यांकडेच असतात. आईच्या नोंदी अशा: "धाकट्याची फी. शेवटच्या दिवशी, दुपारी." "टायफॉइड उतरला." "बदली रद्द." आणि प्रत्येकीपुढे दोनच अक्षरं, 'वि.' आणि 'दे.', म्हणजे विश्वासू देव. हे पान पाहिल्यावर मला विश्वासू ऐकून गडी आठवत नाही, फीची पावती आठवते. नोकराचा शब्द देवाला लावला म्हणून बिघडत नाही. ज्या येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्याबद्दलच बोलतोय ना आपण?

बडोदेकर
हे शेवटचं वाक्य कोशात टाकता येत नाही, पण मुद्दा मान्य.

छावणीकर
ताई, मला तर 'उपकारस्तुती'च जास्त अडचणीचा वाटतो. आमच्या कॉलनीत कुणाला सांगितलं की विचारतात, "कुणाचे उपकार झाले?" मराठीत उपकार म्हटलं की ओझं आलं, मिंधेपण आलं. "मोठे उपकार केलेत!" हे तर भांडणातलं वाक्य.

जुना मास्तर
पण उपकाराची दुसरी बाजूही मराठीत तेवढीच जुनी आहे. तुकोबांच्या "काय सांगू आता संतांचे उपकार" या अभंगात उपकारापाठोपाठ 'उतराई' येतो. आणि छावणीकरांचं समाधान व्हावं म्हणून सांगतो, तिथे संत करतात काय, तर 'जागविती'! स्तोत्र ११६ मराठीत वाचा: परमेश्वराने केलेल्या उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ? तोच शब्द. उत्तर मात्र पाहण्यासारखं आहे. तारणाचा प्याला उचलीन आणि त्याच्या नावाचा धावा करीन, असं तो म्हणतो. म्हणजे परतफेड अशी की आणखी घ्यायचं आणि पुन्हा हाक मारायची. बँकेला हा हिशेब चालला नसता. ताईंचं कर्ज हप्त्यांनी फिटलं, उपकार हप्त्यांनी फिटत नाहीत, म्हणून तर ती स्तुती. 'आभार प्रदर्शन' लिहू नका, ते समारंभाच्या शेवटी खुर्च्या सरकवत ऐकायचं असतं.

जालन्याची सून
बायबलमधल्या १ थेस्सलनीका या पत्रात (५:१८)ही "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असंच आहे. सर्व स्थितीत म्हणजे कर्ज चालू असतानाही, बरं का ताई.

रामबागेतली ताई
चालू होतं तेव्हाही केली! दर ३१ डिसेंबरला वॉचनाइटहून, म्हणजे चर्चमधल्या वर्षअखेरच्या रात्रीच्या प्रार्थनेहून, आल्यावर सासरे बायबलमधली एबन-एजरची (शमुवेल संदेष्ट्याने उभा केलेला 'साहाय्याचा धोंडा') ओळ मोठ्याने वाचायचे, "येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे." तीच पाटीवर लिहून दारावर लावायची आहे. मुलगा म्हणतो, "आई, येथवर कोण बोलतं? इथपर्यंत लिही."

जुना मास्तर
येथवरच ठेवा. शमुवेलाने तो धोंडा मिस्पा आणि शेन यांच्या दरम्यान उभा केला, प्रवास संपल्यावर नाही. बोलीतही आपण 'आजवर' म्हणतो तेव्हा पुढचं धरूनच म्हणतो. इथपर्यंत म्हटलं की "गाडी इथपर्यंतच जाते" हे कानात येतं. हिंदी बायबलमधलं 'यहाँ तक' शेजाऱ्यांना कळेल, त्याची काळजी नको.

रामबागेतली ताई
तर मजकूर असा ठरला: "परमेश्वराने येथवर साहाय्य केले. तो विश्वासू आहे, दिल्या शब्दाला जागणारा आहे. त्याच्या उपकारस्तुतीसाठी जमू या." विश्वासू सासूबाईंसाठी, जागणारा आजींसाठी. हिंदी मजकुरात 'धन्यवाद की प्रार्थना' आणि 'सच्चा'. मुलीला विश्वासी आणि विश्वासू वेगळे आहेत हे सांगून झालं, तिने ते वहीत दोन रंगांत लिहिलं आहे. छावणीकर, तुम्ही इंदूरचेच दिसता, रविवारी संध्याकाळी पाच वाजता या. प्रार्थनेनंतर पोहे-जिलेबी आहे.

छावणीकर
येतो. शेव वेगळी ठेवा, पोह्यांवर आधीच टाकली की मऊ पडते.