गुडघा निखळून पायाचं रक्त थांबलं होतं; ऑपरेशननंतर पोटरी उघडी का ठेवलीय?

कराडकर७
धाकट्या भावाची बाईक उसाच्या ट्रॉलीला धडकली. डावा गुडघा निखळला, पाऊल थंडगार, पांढरंफटक. रात्रीच ऑपरेशन झालं. उजव्या मांडीतली शीर काढून डाव्या गुडघ्यामागे जोडलीय. पण पोटरीला दोन्ही बाजूंनी लांबलचक चिरा देऊन तशाच उघड्या ठेवल्यात, आतलं मांस दिसतं. आई बघून रडायलाच लागली. आणि चांगल्या पायाची शीर काढली, तो अधू होणार नाही ना?

ओटीसिस्टर
दादा, आधी आईंना सांगा, चिरा मुद्दाम ठेवल्यात. बराच वेळ उपाशी राहिलेल्या स्नायूंत रक्त परत आलं की ते सुजतात. त्यांच्यावरचं आवरण ताणलं जात नाही, मग आतल्या आत स्नायू आणि नसा (मज्जातंतू) दबून मरतात. जोडलेली रक्तवाहिनी चालू असली तरी. सूज उतरली की शिवतील, नाहीतर वरून कातडी लावतील.

चांगल्या पायाची काळजी नको. ती कातडीखालची शीर. परतीचं बहुतेक रक्त खोल शिरा नेतात. काढली की आम्ही तिच्यात सलाईन भरून फुगवतो, कुठे गळते ते बघतो, बारीक फांद्या बांधतो. मग धमनीच्या, म्हणजे हृदयाकडून पायाला रक्त आणणाऱ्या वाहिनीच्या, जागी उलटी बसवतात, कारण आतल्या झडपा एकाच दिशेला उघडतात. टाके केसाएवढ्या धाग्याचे. सर्जन टाके घालत असताना मी तर श्वासही जपून घेते.

लघवीच्या पिशवीवर मात्र लक्ष ठेवा. काळ्या चहासारखा रंग दिसला तर लगेच सांगा. मेलेल्या स्नायूंतला रंग किडनीला बाधतो.

जुनंखोड
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या 2,471 धमनी-जखमांपैकी शिवल्या फक्त 81. बाकीच्या बहुतेक सरळ बांधूनच टाकल्या. कोरियाच्या युद्धात जोडायला लागले, तेव्हा पाय कापायचं प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास आलं. तेव्हा लवकर पोचवलंत हे फार बरं केलंत.

कराडकर७
लघवी साफ आहे, पाऊल गरम आहे. पण अंगठा वर उचलता येत नाही.

ओटीसिस्टर
हे राउंडची वाट न बघता आजच ड्युटी डॉक्टरांना दाखवा. गुडघा निखळताना बाहेरच्या बाजूची नस बऱ्याचदा ताणली जाते. पाऊल लोंबू नये म्हणून स्प्लिंटचं विचारा. टाच गादीवर घासू देऊ नका, बधिर असेल तर फोड आलेला त्याला कळायचाही नाही.