चिकनमधून होणारी विषबाधा: दोष पोल्ट्रीचा की स्वयंपाकाचा?

गोदाकाठ:
हळदीच्या जेवणातला उरलेला चिकन रस्सा रात्रभर टोपात झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कोमट करून वाढायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मग निम्म्या घराला मुरडा आणि जुलाब. यामागे अनेकदा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जिवाणू असतो. तो कोंबडीच्या आतड्यात असतो, शेडमध्ये जमिनीवर अंथरलेल्या तुसातही असतो. माझं म्हणणं, सुरुवात शेडपासून करा. सिन्नर, दिंडोरीकडच्या पोल्ट्र्यांची नियमित तपासणी व्हावी आणि रोग नसताना खाद्यातून अँटिबायोटिक देणं थांबावं. युरोपियन युनियनने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स २००६ मध्येच बंद केली.

सिन्नरचा पोल्ट्रीवाला:
दादा, सगळं शेतकऱ्याच्या माथी मारू नका. आमचा कंपनीशी करार असतो; त्यात पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध सुपरवायझर सांगेल ते. हा जंतू उठतो तो कॉक्सी या परजीवीच्या रोगाने कोंबडीच्या आतड्याला जखमा झाल्यावर. म्हणून पावसाळ्यात आम्ही तूस सारखं खालीवर करतो, पाण्याच्या निप्पलखालचं ओलं तूस उचलून बाहेर टाकतो. एवढं करूनही मर लागते. औषध एकदम बंद केलं तर बॅच हातची जाईल.

पंचवटीकर:
मला गोदाकाठ यांचं पटत नाही. कोंबडीचं आतडं सडवणारं विष वेगळं आणि माणसाला जुलाब लावणारं वेगळं. ही दोन्ही विषं करणारे या जिवाणूचे वाण सहसा एक नसतात. शिवाय या जिवाणूचे बीजाणू (म्हणजे त्याचं टणक, सुप्त रूप) मातीत असतात, मसाल्यांत असतात, निरोगी पक्ष्यातही असतात. शेड कितीही धुतलं तरी ते संपणार नाहीत.
बीजाणू उकळल्यावरही टिकतात. रस्सा निवत ४५ अंशांच्या आसपास आला की जिवाणू दहाएक मिनिटांत दुप्पट होतात, आणि मोठ्या टोपाचा मधला भाग तासन्‌तास तसाच ऊबदार राहतो. ते जिवंत पोटात गेले की आतड्यात विष सोडतात. खदखदून उकळलं तर हे वाढलेले जिवाणू मरतात, म्हणून कोमट करून वाढणं सगळ्यात वाईट.

सिडकोची सुनीता:
बोलायला सोपं आहे हो. रात्री बाराला आचारी निघून जातो, टोप फ्रीजमध्ये मावत नाही आणि घरातल्या बायका उभ्या राहून थकलेल्या असतात. रस्सा लगेच छोट्या, उथळ पातेल्यांत काढायचा आणि निवला की फ्रीजमध्ये ठेवायचा, हे काम आचाऱ्याच्या सुपारीतच धरा. नाहीतर कोणीही करणार नाही.

गोदाकाठ:
सुनीताताई, मान्य. पण पंचवटीकर, हे जुलाब बहुतेकांचे दिवसभरात थांबतात. खाद्यातल्या अँटिबायोटिकमुळे तयार झालेले, औषधांना न जुमानणारे जंतू मात्र राहतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी वापरायचं औषध. ते पशुपालनात बंद करायला आपल्याकडे २०१९ उजाडलं. शेडकडे बघायचंच नाही, हे मी मानणार नाही.

सिन्नरचा पोल्ट्रीवाला:
बघा की. पण आधी कंपनीकडे जा. खाद्यात कोणतं औषध, किती मिसळलंय, ते गोणीवर मराठीत छापायला लावा. माझ्या शेडमध्ये काय चाललंय ते मला तरी कळू द्या.