अनुभव धागा: फॉरमॅट मारण्याआधी आणि विंडोज टाकल्यानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि घरोघरीच्या जुन्या मशीनांचा प्रश्न पुढे आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (चाव्या सुरक्षित ठेवणारी चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या फाइलींनी मशीन सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. त्यामुळे कुणी ११ टाकतंय, कुणी डिस्क बदलतंय, कुणी लिनक्सकडे वळतंय. ज्यांनी हे काम पुष्कळ वेळा केलं आहे त्यांनी कृपया लिहा: कोणत्या पायरीवर काय अडतं, ते का अडतं आणि कशाने सुटतं. नुसतं 'बॅकअप घ्या' नको. कशाचा, कुठून, तेही सांगा.

* * *

मग बॅकअपपासूनच. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांच्या लक्षात असतात. राहून जातात त्या गोष्टी अशा: डेस्कटॉप आणि डाउनलोड्स (हे दोन्ही सी ड्राइव्हवरच असतात), आउटलुकची पीएसटी फाइल (साठवलेले मेल), थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचं प्रोफाइल फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड आणि स्कॅनरने भलत्याच फोल्डरात ठेवलेले कागद. सी ड्राइव्हवरच्या युजर्स फोल्डरातलं आपल्या नावाचं अख्खं फोल्डर उचलायचं. त्यातलं ॲपडेटा लपलेलं असतं, म्हणून आधी 'हिडन आयटम्स' चालू करा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा आणि चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. ही उघडून बघण्याची पायरी गाळू नका.

मराठीत काम करणाऱ्यांनी फॉन्ट वेगळे काढावेत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, किरण अशा जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर युनिकोड नसतो. फाइलीत खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. तो गेला की पत्रिका, अर्ज, संस्थेचे ठराव सगळं अगम्य दिसतं. विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून त्या टीटीएफ (फॉन्टच्या) फाइली पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये एकाच वापरकर्त्यापुरते टाकलेले फॉन्ट ॲपडेटामध्ये जातात, तिथेही बघा. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ आत्ताच करून ठेवा, म्हणजे फॉन्ट त्यातच बसतो.

* * *

वर भर घालतो. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर डिस्कला हात लावण्याआधी टॅलीतूनच परवाना सरेंडर करा. डेटाची जागा अंदाजाने धरू नका, कंपनी निवडण्याच्या पडद्यावर मार्ग दिसतो. तिथली १०००० किंवा १००००० अशा आकड्यांची फोल्डरं टॅली बंद करून कॉपी करा. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं, फॉरमॅटने ते जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो, आणि विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी तो शोधत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.

* * *

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन! नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (हेच कुलूप) आपोआप चालू झालेलं असू शकतं. डी ड्राइव्ह आपोआप उघडत होता, कारण त्याची चावी सी वर होती. सी फॉरमॅट केला की डी कुलूपबंद होतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का बघा आणि कागदावर उतरवा. त्याहून बरं म्हणजे एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

* * *

आता प्रत्यक्ष काम. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा, आणि त्यातलं सगळं पुसलं जाणार हे धरून चाला. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरलं तर फारसं काही बिघडत नाही. आयएसओ (अख्खा सेटअप असलेली एक मोठी फाइल) उतरवून त्यातल्या फाइली हाताने कॉपी करणारे मात्र एका जागी हमखास अडतात: इन्स्टॉल डॉट विम ही फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि फॅट३२ (पेनड्राइव्हचा नेहमीचा फॉरमॅट) मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं रुफस हे साधन ही अडचण स्वतः सांभाळतं.

डेस्कटॉप असेल तर जिच्यावर विंडोज टाकायचं ती सोडून बाकी सगळ्या डिस्कांच्या साटा केबल काढा. हे चुकीची डिस्क पुसली जाऊ नये यासाठी आहेच, पण आणखी एक कारण आहे. दुसऱ्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा छोटा भाग) सापडलं तर सेटअप बूटच्या फाइली तिथेच टाकतो. वर्षभराने ती जुनी डिस्क काढली की नव्या एसएसडीवरचं विंडोज सुरूच होत नाही, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

'एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथे इन्स्टॉल करता येत नाही' असा संदेश आला तर मशीन यूईएफआयमध्ये (बायोसच्या नव्या पद्धतीने) बूट झालं आहे आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. इथे घाई नको. डिस्क ० म्हणजे आपलीच डिस्क असं गृहीत धरू नका, आकारावरून ओळखा: १ टीबी म्हणजे ९३१ जीबी, ५१२ म्हणजे ४७६, २५६ म्हणजे २३८. मग सिलेक्ट, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी (म्हणजे डिस्क नव्या पद्धतीची होते). क्लीन सी पुरता नसतो, अख्ख्या डिस्कचा असतो. त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्हही जातो आणि पुन्हा विचारणा होत नाही.

डी तसाच ठेवायचा असेल तर डिस्क न पुसता ती एमबीआरची जीपीटी करणारं एमबीआर२जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्ये आहे. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त पार्टिशनं किंवा एखादं लॉजिकल पार्टिशन (मोठ्या पार्टिशनच्या पोटात केलेलं) असलं की ते नकार देतं. आपल्याकडे दुकानात जोडलेल्या जुन्या मशीनांत डी आणि ई बहुधा लॉजिकलच असतात.

* * *

सेटअपला डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी आहे? इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत हे नेहमीचं. डिस्क खराब नसते. ती व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क-नियंत्रकाच्या मागे असते आणि विंडोजच्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती देणाऱ्या) फाइली असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' करा.

* * *

बूट मेनूची कळ: डेल, लेनोवो, एसर आणि गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११, आसुसच्या मदरबोर्डला एफ८. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा सेटअपचा पहिलाच पडदा आला तर मशीन परत पेनड्राइव्हवरून बूट झालं आहे. पेनड्राइव्ह काढा.

* * *

जुन्या हार्ड डिस्कवर नवं विंडोज टाकण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये चार ओळी बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णयाची वाट बघणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, आधी ती बदलून बघा. सी५ असेल तर एकदा पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितो, त्यामुळे डिस्कला खराब सेक्टर बाजूला काढता येतात. १ टीबीला साधारण अडीच-तीन तास धरा, आणि वीज जाण्याच्या दिवसांत यूपीएसशिवाय बसू नका. त्यानंतर ०५ वाढतच राहिला तर ती डिस्क निवृत्त करावी. फॉरमॅटने यांत्रिक बिघाड बरा होत नाही.

मशीन विकायचं असेल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. तो फक्त अनुक्रमणिका कोरी करतो, पानं तशीच राहतात. हार्ड डिस्कला डिस्कपार्टमधलं 'क्लीन ऑल', एसएसडीला बायोसमधलं सिक्युअर इरेज.

* * *

उत्पादन कळ मागितली तर 'माझ्याकडे कळ नाही' निवडून पुढे जा, पण आवृत्ती पूर्वीचीच निवडा: होम असेल तर होम. डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट जोडलं की तो लागू होतो. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंग चालू करा. सगळ्या साइटी प्रमाणपत्राची चूक दाखवत असतील तर आधी घड्याळ बघा. तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे.

* * *

दुसऱ्या पिढीच्या आय३ आणि ४ जीबी रॅमला लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला, सोबत साटा एसएसडी. रूटला (सिस्टिमच्या फाइलींना) ५० जीबी आणि होम (आपल्या फाइलींचं) वेगळं पार्टिशन केलं की पुढच्या वेळी रूट फॉरमॅट करूनही फाइली जागेवर राहतात. शेजारी विंडोज ठेवत असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करण्याची सोय) बंद करा, नाहीतर विंडोजची पार्टिशनं लिनक्समध्ये फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. मराठी टंकण्यासाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका. त्यात इन्स्क्रिप्ट, फोनेटिक आणि आयट्रान्स या तिन्ही टंकनपद्धती मिळतात. वर सांगितलेल्या जुन्या टीटीएफ फाइली होममधल्या लपलेल्या फॉन्ट्स फोल्डरात ठेवल्या की लिब्रेऑफिसमध्ये ते दस्तऐवजही वाचता येतात. मांडणी थोडी सरकते, तेवढी हाताने लावून घ्या.