हंगामाच्या तोंडावर सगळा कोड एका शैलीत आणावा का?

गायत्रीनगरकर : नागपूरच्या आयटी पार्कमधील आमच्या छोट्या चमूने कळमना बाजारातील संत्रा व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टीची प्रणाली पायथनमध्ये लिहिली आहे. गेल्या हंगामात व्यापारी जे मागतील ते त्याच रात्री लिहून देण्याचा शिरस्ता पडला. परिणामी काही फाइलींत टॅब, काहींत स्पेस, आणि ‘हमाली’ हे नाव एका ठिकाणी प्रति क्रेट दरासाठी, तर दुसरीकडे पट्टीवरील एकूण रकमेसाठी, अशी अवस्था आहे. आंबिया बहाराची आवक सुरू होण्यापूर्वी सगळे पेप ८ या पायथन कोडच्या शैली-मार्गदर्शिकेप्रमाणे करून घ्यावे, असे मला वाटते. सहकारी म्हणतात, चालत्या कोडला हात लावू नका. आपले मत काय?

मिहानवासी : हाताने करू नका. मांडणी ‘ब्लॅक’ या, कोड आपोआप एका शैलीत मांडणाऱ्या साधनावर सोपवा. बदलानंतरही प्रोग्रामचा अर्थ तोच आहे ना, हे ते स्वतःच ताडून पाहते. हा बदल मात्र स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीत, ठेवा, कारण त्यात एखादी खरी दुरुस्ती मिसळली तर ती हजारो ओळींच्या फरकात कोणालाही सापडणार नाही. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये २.२३ आवृत्तीपासून ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये बदलली ते) पाहताना अशी कमिट वगळण्याची सोय आहे, त्यामुळे कोणती ओळ का लिहिली गेली याचा माग पुसला जात नाही. पेप ८ मध्ये ओळीची मर्यादा ७९ अक्षरे आहे आणि ब्लॅकमध्ये ८८. यावर बैठक घेऊ नये, एवढीच विनंती.

जुना सी-वाला : सहकाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. खुद्द पेप ८ मध्येच म्हटले आहे की केवळ ते पाळण्यासाठी जुन्या कोडशी असलेली सुसंगती मोडू नये. पण मांडणी म्हणजे नुसती रंगरंगोटी, असेही समजू नका. २०१४ साली ॲपलच्या एसएसएल (इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीच्या) कोडमधील चूक उघड झाली, तिच्यात ‘गोटू फेल’ (थेट ‘फेल’ या भागाकडे उडी घे) ही सी भाषेतील ओळ चुकून दोनदा आली होती. सी भाषेत महिरपी कंस नसतील तर अट फक्त लगेचच्या एका विधानाला लागू होते, त्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर पडली, तरी आत सरकवून लिहिल्यामुळे ती अटीखालचीच वाटत होती, आणि पुढची सही-पडताळणी वगळली जात होती. पायथनमध्ये इंडेंटेशनलाच (ओळ आत सरकवण्यालाच) अर्थ असल्याने चूक नेमकी याच रूपात येणार नाही, हे खरे.

तोलकाटा : टॅब आणि स्पेस यांवर इतका खल चालला आहे, पण तुमचा खरा धोका ‘हमाली’त आहे आणि तो ब्लॅकसारखे कोणतेही फॉर्मॅटर पकडणार नाही. दर समजून घेतलेल्या आकड्यात आधीच एकूण रक्कम असेल, तर तिला पुन्हा क्रेटच्या संख्येने गुणले जाईल. प्रोग्राम न कुरकुरता पट्टी छापेल आणि चूक शेतकऱ्यापुढे उघडी पडेल. म्हणून आधी ‘हमाली_दर’ आणि ‘हमाली_रक्कम’ अशी नावे वेगळी करा. गेल्या हंगामातील जुन्या पट्ट्या नव्या कोडमधून पुन्हा काढा आणि प्रत्येक रक्कम पैशापर्यंत जुळते का ते पाहा. न जुळलेली प्रत्येक पट्टी उघडून तपासा, कारण चूक जुन्या कोडचीही असू शकते.

रात्रीत लिहून देण्याला माझा विरोध नाही. व्यापाऱ्याला कागदावर काय हवे आहे, हे त्याच्या हातात कच्ची पट्टी दिल्याशिवाय कळतच नाही. मात्र तो कोड गिटच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे मुख्य कोडपासून अलग, राहावा आणि मागणी पक्की झाल्यावर पुन्हा लिहिला जावा.

गायत्रीनगरकर : सर्वांचे आभार. नावांपासून सुरुवात करतो. आवक सुरू झाली तर ब्लॅक हंगामानंतर.