थोरो, मग गांधी, मग किंग: ही साखळी खरंच एवढी सरळ आहे का?

कोथरूडचा_बाबा: मंडळी, मुलगी अकरावीत आहे, तिला कॉलेजात दहा मिनिटं सविनय कायदेभंगावर बोलायचंय. तिने नेटवरून काढलंय की अमेरिकेत थोरो या लेखकाने कायदेभंगावर निबंध लिहिला, तो गांधीजींनी वाचला, गांधीजींचं मार्टिन ल्यूथर किंगने उचललं, झालं, रिले रेससारखं. काल जेवताना आमचे अण्णा म्हणाले असं काही नसतं गं, आणि तिथून जे पेटलं ते आमटी गार होईपर्यंत. नक्की काय आहे?

सदाशिवपेठी: अण्णा बरोबर आहेत. थोरोने गुलामगिरी आणि मेक्सिकोच्या युद्धाला विरोध म्हणून डोईपट्टी भरली नाही, १८४६ मध्ये एक रात्र कोठडीत काढली, कुणीतरी परस्पर पैसे भरले म्हणून सकाळी सुटला आणि त्यावरही चिडला. निबंध छापून आला १८४९ ला. म्हणजे एकटा माणूस, एक रात्र. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात, भारतीयांविरुद्धचा कायदा न पाळण्याची शपथ घ्यायला लावली ११ सप्टेंबर १९०६ ला, आणि तिथे हॉल भरून माणसं होती. निबंध त्यांच्या हातात पडला तो त्यानंतर. आणि हे मी नाही म्हणत, १९३५ मध्ये त्यांनीच कोदंड राव यांना पत्रात लिहिलंय की माझी कल्पना थोरोवरून आली हे चूक आहे. कोदंड राव म्हणजे भारत सेवक समाजाचे, आपल्या डेक्कनवरच्या. पुण्यातल्या पोरीने हे सांगायलाच पाहिजे.

चहाबाज: पण काका, म्हणून थोरोला एकदम बाहेर काढू नका हो. त्याच पत्रात पुढे आहे ना, की इंग्रजी वाचकाला आपला लढा समजावताना थोरोचा शब्द वापरला, मग तोही अपुरा वाटला. आणि किंगने थोरो गांधींकडून नाही घेतला, स्वतःच कॉलेजात असताना वाचला. म्हणजे साखळी नाहीच, दोन वेगळ्या वाटांनी येऊन एका ठिकाणी भेटलेत.

वऱ्हाडी_पुण्यात: सगळे पुस्तकाबद्दलच बोलून राहिले. अरे, विचार माणसांबरोबर पण जातो की. जेम्स लॉसन नावाचा अमेरिकन, कोरियाच्या युद्धासाठी लष्करात जायला नकार दिला म्हणून आधी तुरुंगात, मग मिशनरी म्हणून थेट आमच्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात. तिथे गांधी समजून घेतले, आणि १९५५ च्या शेवटी तिथल्याच पेपरात माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध तिथल्या काळ्या लोकांनी बसच सोडली त्याची, बातमी वाचली. परत गेल्यावर किंग भेटला, म्हणाला आत्ताच ये, थांबू नको. मग नॅशव्हिलला चर्चमध्ये पोरांची तालीम सुरू, म्हणजे अर्धी पोरं गुंड व्हायची, शिव्या द्यायची, ढकलायची, खुर्चीवरून पाडायची, आणि बाकीच्यांनी हात उचलायचा नाही, डोकं कसं वाचवायचं तेवढं शिकायचं. १९६० मध्ये हीच पोरं गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत जाऊन बसली. निबंध वाचून असा मार खाता येतो का राव?

सदाशिवपेठी: हे बेस्ट. नागपूरला मानलं, एकदाच.

चहाबाज: आपल्याकडचं पण घाला. मुळशी सत्याग्रह १९२१, टाटांच्या धरणाविरुद्ध, पुढे सेनापती बापटांनी अहिंसा बाजूला ठेवून रेल्वे अडवली, म्हणजे सगळे एकाच रुळावर नव्हते. आणि १९२९ चा पर्वतीचा दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, महाडनंतर दोन वर्षांनी. तिथे सत्याग्रहींनी दगड खाल्ले, आणि मारणारे इंग्रज नव्हते, आपलेच पुणेकर. आपण रोज सकाळी त्याच पायऱ्यांवर फिटनेस करतो.

कोथरूडचा_बाबा: अण्णांना वाचून दाखवलं, खूश आहेत, पर्वतीचं ऐकून मात्र गप्प झाले. लेकीने रिले रेसचा स्लाइड उडवलाय, आता विचारतेय तालमीत गुंड व्हायला पोरं तयार कशी व्हायची?

वऱ्हाडी_पुण्यात: आलटून पालटून व्हायची, दादा. आज शिव्या देणारा उद्या खुर्चीवर.