फाउंडेशनचं वर्ष वाया जातं म्हणे!

काळीशाई:
काल यूएक्सवाला यांनी लिहिलं की दहावी-बारावीनंतर आर्टचं फाउंडेशन, म्हणजे कला महाविद्यालयातलं पायाभरणीचं पहिलं वर्ष, करणं म्हणजे एक वर्ष आणि बापाचे पैसे पाण्यात घालणं, त्यापेक्षा तीन महिन्यांत फिग्मा-फोटोशॉपसारखी डिझाइनची सॉफ्टवेअरं शिका, उरलेलं एआय करतंच. वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा सविस्तर.

मी फर्स्ट इयरला शिकवते. समोर स्टुलावर तांब्या ठेवला की शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड मिळवलेली पोरंसुद्धा तोंडाच्या लंबगोलाला दोन्हीकडे टोकं काढतात आणि बूड सरळ रेघेत आपटून मोकळी होतात. तांब्या सपाट जागेवर बसलाय ना, मग बूड सपाट, असं त्यांचं डोकं सांगतं. पण डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितका लंबगोल उघडत जातो, म्हणजे बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाकार दिसते. हे फळ्यावर सांगून कळत नाही, हाताने चुकून चुकूनच कळतं. ग्रे स्केलचंही, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांच्या पट्टीचंही, तेच, पांढऱ्यात काळा थेंबाथेंबाने घालायचा, उलटं केलं तर पांढऱ्याची बाटली संपते तरी हवा तो ग्रे येत नाही, आणि ओला ग्रे वेगळा दिसतो, वाळला की वेगळा. या वर्षात पोरांचा डोळा तयार होतो. १९१९ला जर्मनीत वायमारमध्ये बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा सुरू झाली तेव्हा तिथल्या इटेन या शिक्षकानेही आधी कागद, लाकूड, पोत, रंग हाताळायला लावले होते, विषय नंतर. ते लोक काय वेडे होते का?

यूएक्सवाला:
मॅडम, भावना पोचल्या. मी कॉमर्सवाला, एकही शीट न रंगवता आज पुण्यात अ‍ॅप-डिझाइनची टीम सांभाळतो. इंटरव्ह्यूला येणाऱ्या पोरांच्या पोर्टफोलिओत अर्धी पानं माठ, पडदा आणि केळी. विचारलं, हे अ‍ॅप आजीबाईंना वापरता येईल का, की गप्प. आणि व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, हे सोयीस्कर विसरू नका. ज्याच्यात आहे तो कॉलेजशिवायही पुढे जातो.

फाँटवेडा:
लक्ष्मणांचं नाव आलं की चर्चा संपली असं सगळ्यांना का वाटतं? तो माणूस लहानपणापासून कावळे काढत होता आणि नावाजल्यावरही काढतच राहिला. त्यांचं फाउंडेशन त्यांनी स्वतः करून घेतलं होतं, टाळलं नव्हतं.

माझं दुखणं वेगळंय. चौकाचौकातले मराठी फलक बघा, शिरोरेषा तुटलेली, वेलांटी शेजारच्या अक्षरात घुसलेली, जोडाक्षरं चेपलेली. छापणाऱ्याने अक्षर कधी हाताने काढलेलंच नाही. तुम्ही विंडोजवर वर्षानुवर्षं वाचलात तो मंगल फाँट सुलेखनकार र. कृ. जोशींचा, आणि जोशी आधी बोरू-कुंचल्याचे माणूस. अक्षरलेखनाच्या शीटवर दोन अक्षरांमधली जागा फूटपट्टीने मोजून भागत नाही, नजरेने जुळवावी लागते. 'र' शेजारी 'ग' आला की मधे भोक पडल्यासारखं दिसतं. हे कुठलं तीन महिन्यांचं पॅकेज शिकवणारे?

ठाण्याची_आई:
मला तुमच्या वादातलं निम्मं कळलं नाही, पण मुलगी यंदा बारावीला आहे. कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या, सीईटीच्या, क्लासची फी, वर इम्पीरियल शीट, पोस्टर कलर, सनबोर्ड, दर आठवड्याला काहीतरी. इंटरमिजिएटला ए ग्रेड होता, त्याचे ७ मार्क दहावीच्या टक्केवारीत गेले आणि तिथेच विषय संपला. आता क्लासवाले म्हणतात तिला ड्रॉइंग येतच नाही. मग तो ए ग्रेड कसला?

चित्रकला_शिक्षक:
ताई, नेमकं बोललात. ए ला ७, बी ला ५, सी ला ३, या मार्कांनी चित्रकलेचं वाटोळं केलं. स्मरणचित्राला, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायच्या चित्राला, पोरं भाजीवाली, बसस्टॉप आणि पतंग उडवणारा मुलगा असे सेट पाठ करून येतात. विषय कुठलाही येवो, भाजीवाली बसतेच. जत्रेत भाजीवाली, पावसात भाजीवाली. बाजारात जाऊन कुणी खरी भाजीवाली बघत नाही, ती टोपली कुठल्या बाजूला ठेवते, बसते कशी, काही नाही.

आणि शाळांचं तर विचारूच नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरवर मुलं असली की कलेला अर्धवेळ निदेशक, म्हणजे शिकवणारा, हवा असं लिहिलंय. प्रत्यक्षात माझा तास गणिताच्या सरांना दिला जातो, जादा सराव म्हणून. मी निषेध केला तर म्हणाले, तुम्हाला काय, पोरांनी रांगोळी काढली की झालं!

नाशिककर:
सर, ७ मार्कांना शिव्या देऊ नका. आमच्या गावात माझ्या वडिलांनी कुंचला हातात धरू दिला तो त्या मार्कांसाठीच. 'चित्र काढून पोट भरतं का' हा प्रश्न ७ मार्कांनी थोपवला. मार्क काढून टाका आणि बघा, खेड्यातली किती पोरं परीक्षेला बसतात. शहरात बसून शुद्ध कलेच्या गप्पा मारणं सोपं असतं.

चित्रकला_शिक्षक:
मी शहरात नाही, तालुक्याच्या गावाला आहे, आणि मार्क बंद करा असं म्हटलेलंच नाही! वाचा तरी नीट. मार्क ठेवा, पण पाठ केलेल्या चित्राला ए देऊ नका. तपासणाऱ्याला ती भाजीवाली ओळखू येत नाही का?

नाशिककर:
गठ्ठे तपासताना हाताशी किती वेळ असतो ते तुम्हीच सांगा. राग व्यवस्थेवर काढा, पोरांवर नको.

यूएक्सवाला:
मूळ मुद्दा भाजीवालीने खाल्ला. बरं, तांब्याचं मान्य. आमच्याच एका क्रीमच्या डबीच्या चित्रात झाकणाचा नि बुडाचा लंबगोल सारखाच होता, क्लायंटला नीट सांगता येईना पण 'काहीतरी खोटं वाटतंय' म्हणून त्याने परत पाठवलं. पण त्याला आख्खं वर्ष? तुमच्या इटेनचाच कोर्स सहा महिन्यांचा होता ना?

काळीशाई:
होता, आणि इटेन गेल्यावर तोच वर्षाचा केला, अल्बर्स आणि मोहोय-नॉज शिकवायला होते. सहा महिने पुरले असते तर वाढवला कशाला असता? एक गोष्ट मात्र तुमची घेते, नाइलाजाने. वापरणारा माणूस कोण हे पहिल्याच वर्षी विचारायला लावलं पाहिजे. थ्रीडीच्या तासाला नुसते घन आणि शंकू चिकटवण्यापेक्षा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उघडता येईल असं झाकण करायला द्या, मी देईन. पण ते झाकण पुठ्ठ्यात, कटरने, हाताने. स्क्रीनवर नाही.

ठाण्याच्या ताई, मुलीसाठी पाठ करायच्या चित्रांचे सेट विकत घेत असाल तर आजच थांबवा. सीईटीला स्मरणचित्र, संकल्पचित्र, वस्तुचित्र असतं, तिन्हीला बघण्याची सवयच कामाला येते. घरातलंच पातेलं एकदा जमिनीवर, एकदा ओट्यावर, एकदा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून काढू दे. फोटोवरून नको. आणि आठवड्यातून एकदा स्टेशनवर वही घेऊन बसू दे, उभी राहणारी, वाकणारी, सामान उचलणारी माणसं काढायला.

ठाण्याची_आई:
स्टेशनवर एकटी? मी सोबत बसेन मग. पण पातेल्याचं आजच सांगते.

नाशिककर:
बसा, चांगलंय. ७ मार्कांवर मात्र मी हटलेलो नाही.