बे आउल आणि गव्हाणी घुबड: फरक कसा ओळखावा?

प्रश्न: केरळच्या सदाहरित जंगलात श्रीलंकन बे आउल शोधायचं आहे. गव्हाणी घुबडाशी गल्लत कशी टाळू?

उत्तर १: चेहरा बघा. गव्हाणीचा बदामी आकाराचा. बे आउलचा खाली निमुळता, वर कानांसारखे दोन कोपरे, काळ्याभोर डोळ्यांवरून उभा गडद पट्टा. पाठ तांबूस, लांबी जेमतेम २९ सेंमी. गव्हाणी चिरकतं, हे कापऱ्या सुरात शीळ घालतं. शिवाय गव्हाणी वस्ती-माळरानाचं, हे दाट रानाचं.

उत्तर २: थट्टेकाडला (केरळमधलं पक्षी अभयारण्य) स्थानिक गाइड घ्याच. दिवसा बे आउल वेलींच्या गुंत्यात निश्चल बसतं, समोर असूनही निसटतं. रेकॉर्ड केलेला आवाज मात्र कृपया वाजवू नका. उत्तर देण्याच्या नादात त्याचं शिकार करणं राहून जातं. टॉर्च मंद ठेवा, थेट डोळ्यांवर नको.